दिवसभर नुसतं पाणी ओततात? नाशकातल्या बालवाडी-पाळणाघरांबद्दल विचारायचं आहे

मोगरा इंदिरानगर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते.

माझी लेक तीन वर्षं चार महिन्यांची. जूनपासून घराजवळच्या एका लहानशा बालवाडीत जाते आणि दुपारी तिथल्याच पाळणाघरात थांबते. मी अंबडला कंपनीत, नवरा नाशिकरोडला. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे तिच्यामागे धावणं त्यांच्याच्याने होत नाही. जागा स्वच्छ आहे, ताई आणि दोन मावश्या प्रेमळ आहेत, लेक हसत जाते. तक्रार म्हणावी असं काही नाही.

पण रोज संध्याकाळी "आज काय शिकलीस?" विचारलं की एकच उत्तर, "पाणी ओतलं." गेले नऊ दिवस. तांब्यातून पेल्यात, पेल्यातून परत तांब्यात. फ्रॉकच्या खिशात वाळू, एकदा तीन चिंचोके. शेजारचा मुलगा हिच्याच वयाचा, दुसऱ्या शाळेत जातो. त्याच्या उभ्या-आडव्या रेघा कधीच झाल्या, आता १ ते १० लिहून आणतो. पानावर लाल शाईची चांदणी असते. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्या वहीकडे बघतात ते मला दिसतं.

परवा ताईंना विचारलं. म्हणाल्या, "ओतू द्या तिला, तिचं काम चाललंय." मला ते कळलं नाही, आणि बस गाठायच्या गडबडीत पुढे विचारायचं राहिलं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगाल का, पाणी ओतण्यात नेमकं काय काम असतं?

ओझरकर | सोमवार, रात्री १०:१२

वाचतो आहे. आमचा नातू पुढच्या जूनला जाईल. मलाही हे समजून घ्यायचं आहे.

शेवंताताई | सोमवार, रात्री ११:०५

मोगरा, मी पंचवटीत एकोणीस वर्षं बालवाडी चालवली. दर वर्षी जुलै उजाडला की हा प्रश्न यायचाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकदा शेजारी बसून तिच्या हाताकडे बघा. भरलेला तांब्या जड असतो, ओतता ओतता हलका होत जातो. म्हणजे मनगटाचा जोर सारखा बदलत ठेवायचा. दुसऱ्या हाताने पेला धरायचा. डोळा पेल्याच्या काठावर. आणि थांबायचं कधी, हे बाहेरून कुणी सांगत नाही, तिचं तिने ठरवायचं. पहिले दोन-तीन दिवस पेला भरून वाहतो. मग एक दिवस ती काठाच्या बोटभर आधी थांबते. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे. मूल मान वर करून बघतं, कुणी पाहिलं का म्हणून. सांडलं तर फडकं आणायचं, पुसायचं, पिळायचं. पिळताना दोन्ही हात उलट्या दिशांना फिरतात, हे तीन वर्षांच्या मुलाला खरंच अवघड असतं. तांब्या एकच ठेवायचा, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही तिथेच येतं.

आता गणित. तेच पाणी उंच पेल्यात ओतलं की या वयाच्या मुलांना ते जास्त वाटतं आणि पसरट वाटीत ओतलं की कमी. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत हा समज टिकतो. तो तुम्ही बोलून बदलू शकत नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे ओतून बघितल्याचा साठा हाताशी असावा लागतो, मग एक दिवस आपोआप उमगतं.

माझ्याकडे पावसाळ्यात एक खेळ असायचा. आपण नाशिककर गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर किती आला हे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो ना, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत? मी घमेल्यात मातीचा एक मारुती उभा करायचे, भाजलेला, नाहीतर विरघळतो. मुलं मगाने पाणी ओतायची आणि किती मगांत गुडघे बुडाले, किती मगांत कंबर, ते मोजायची. साडेचार-पाच वर्षांची मुलं आधी अंदाज सांगून मग ओतायची. एका मुलाने छोटा मग आणून दिला आणि म्हणाला, "याने जास्त लागतील." त्याला मोजमापाचं एकक कुणी शिकवलं नव्हतं.

तुमच्या ताई "काम" म्हणाल्या तो शब्द त्यांनी विचार करून वापरला असणार. मूल नऊ दिवस तेच करतं कारण त्याचं अजून संपलेलं नाही. मध्येच "आता दुसरं घे" म्हणून तांब्या काढून घेतला की ते तुटतं आणि पुन्हा तितक्या मनाने लागत नाही. दहाव्या किंवा पंधराव्या दिवशी ती स्वतःच उठेल.

हात आणि पाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. शेवंताताईंनी मनगटाचं लिहिलं त्याला जोडून.

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं हाड बनत जातात. शेवटचं नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. पेन्सिल तीन बोटांत धरून फक्त बोटांनी चालवणं बहुतेक मुलांना साधारण साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमतं. त्याआधी मूल मुठीत धरतं किंवा अख्खा हात खांद्यातून हलवतं, आणि ते वयाला धरून आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून पान भरून घेतलं तर ते भरून देतं, पण पेन्सिल दाबून दाबून चुकीची पकड पक्की करून बसतं. माझ्याकडे दुसरी-तिसरीतली मुलं "हात दुखतो, लिहायला नको" म्हणून येतात. सगळ्यांचं कारण तेच असतं असं नाही, पण पकड सोडवून नव्याने बसवणं फार कष्टाचं असतं, मुलालाही आणि आईलाही.

लिहिण्याची तयारी खांद्यापासून सुरू होते. दांड्याला लोंबकळणं, चढणं, ढकलगाडी, पालथं पडून रांगोळीच्या पांढऱ्या पुडीत बोटाने गिरवणं. मग तळहात: कणीक मळणं, माती थापणं, फडकं पिळणं. मग बोटं: मटार सोलणं, चिमट्याने कापडाला कापड अडकवणं, मणी ओवणं. घरी सासूबाईंच्या शेजारी बसून मेथी निवडू दे. त्यांच्या गुडघ्यांना त्रास नाही आणि दोघींचा वेळ छान जाईल.

दोन मुलांचा बाबा | मंगळवार, दुपारी १:४८

सगळं पटतं. पण माझा अनुभव सांगतो, कारण मोगराताईंच्या मनात जी भीती आहे ती खोटी नाही.

मोठा मुलगा अशाच खेळाच्या बालवाडीत होता. प्रवेशासाठी एका मोठ्या शाळेत गेलो तर त्याला वेगळ्या खोलीत नेलं आणि इंग्रजीत दहा फळांची नावं विचारली. तो द्राक्षाच्या मळ्यात वाढलेला, आजोबांबरोबर छाटणी बघणारा मुलगा. त्याने "थॉमसन" असं उत्तर दिलं, द्राक्षाची जात. बाईंनी शून्य लिहिलं. घरी येताना तो विचारत होता, "बाबा, मी चुकलो का?" मला आजही ते आठवलं की घशात येतं.

नंतर कळलं की शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायलाच मनाई आहे. पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर मी त्या खोलीबाहेर गप्प बसलो नसतो.

मुलाचं सांगायचं तर दुसऱ्या शाळेत गेला, पहिलीत दिवाळीपर्यंत अक्षरं मागे होती, होळीपर्यंत बरोबरीने आला. आता चौथीत आहे, गोष्टीची पुस्तकं स्वतः मागतो. धाकटीला मी त्याच बालवाडीत घातलं आहे. पण ते पहिले पाच महिने सोपे नव्हते, हेही लिहून ठेवतो.

शेवंताताई | मंगळवार, दुपारी ३:३०

बाबा, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. पाच महिने लागतात हे आम्ही बाया पालकांना आधी सांगत नाही, ते चुकतं.

पेठची लेक | मंगळवार, रात्री ९:१५

माझी आई पेठ तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. तिच्याकडे विकतचं सामान फार थोडं असायचं. पळसाची पानं, बांगड्यांचे तुकडे (घासून बोथट केलेले), नदीतले गोटे, मक्याची कणसं, रिकामी खोकी. गोटे लहान-मोठे लावायचे, गुळगुळीत-खरखरीत वेगळे करायचे, रंगाने जोडायचे, ओळीत ठेवून मोजायचे. मुलं गोटा हाताळून त्याचं वजन सांगायची. मी तिथेच मोठी झाले.

आई सांगायची की हे सगळं तिच्या आधीच्या बायकांनी कष्टाने शोधून ठेवलं आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची साधनं महाग, खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती यांतून तीच साधनं उभी केली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

म्हणून कुणी "नुसतं खेळवतात" म्हटलं की मला आईचा चेहरा आठवतो. ती रात्री कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या दिवशीच्या बिया निवडत बसायची.

बागलाणची सून | बुधवार, सकाळी १०:०२

थोडं वेगळं विचारते. आम्ही मूळचे सटाण्याकडचे, घरात अहिराणी. मुलगा पावणेतीन वर्षांचा, सिडकोतल्या पाळणाघरात जातो. "माले पानी दे" म्हणतो, तर तिथल्या एका मावशीने "नीट बोल" म्हटलं. तेव्हापासून तो तिथे पाणी मागतच नाही, घरी येऊन घटाघटा पितो. काय करू?

शेवंताताई | बुधवार, सकाळी ११:४०

उद्याच जाऊन सांगा, आणि मावशीलाच सांगा, प्रेमाने. तिला कदाचित वाटत असेल की ती त्याला शिकवते आहे. तिला दहा अहिराणी शब्द लिहून द्या: पाणी, भूक, शी-शू, आई, झोप, दुखतंय. त्याने "माले पानी दे" म्हटलं की तिने आधी पाणी द्यायचं, मग म्हणायचं, "हो, मी तुला पाणी देते." त्याचं वाक्य दुरुस्त करायचं नाही, आपलं वाक्य शेजारी ठेवायचं. मुलं काही महिन्यांत दोन्ही बोलायला लागतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकू द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे.

तोवर पाण्याची बाटली त्याच्या हाताशी येईल अशी ठेवायला सांगा. न मागता पिता आलं पाहिजे.

बालरुग्ण विभागातली | बुधवार, दुपारी ४:२५

मी परिचारिका आहे. मोगराताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट वाचून मी थांबले: खिशात तीन चिंचोके.

चिंचोके, मणी, हरभरे, वाटाणे ही साधनं उत्तम आहेत, पण मोठं माणूस समोर बसलेलं असतानाच, आणि मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. मुलं ती नाकात घालतात, कानात घालतात. नाकातला हरभरा भिजून फुगतो आणि मग काढणं अवघड होतं. तुमच्या ताईंना सांगा की तीन चिंचोके घरी आले, म्हणजे मोजणी सुटली.

आणि नाशकात राहून हे सांगायलाच हवं: द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल प्रत्येक डब्यात असतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. गोल, गुळगुळीत, श्वासनलिकेच्या तोंडाशी चपखल बसणारं. उभं चिरून चार फोडी करा. शेंगदाणे अख्खे नकोत, कूट चालेल. खाताना मूल बसलेलं हवं, धावताना किंवा घसरगुंडीवर तोंडात काही नको.

ओझरकर | बुधवार, सायंकाळी ६:५०

द्राक्षांचं आजच घरात सांगितलं. आम्ही इतकी वर्षं नातवंडांना घडच्या घड देत आलो.

सातपूरची आई | बुधवार, रात्री १०:३०

खेळाच्या नावाखाली दुसरं टोकही असतं. आधीच्या पाळणाघरात माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना दिवसभर टीव्हीसमोर असायचा. मला कळलं ते असं की तो घरी जाहिराती जशाच्या तशा म्हणायला लागला. विचारलं तर म्हणाल्या, "शांत बसतो ना." जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात पडदा एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितका बरा, आणि दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी. तिथे अंगणच नव्हतं.

आता तो ज्या ठिकाणी आहे तिथे मी न सांगता सकाळी अकराला गेले होते. आवाज होता, पण गोंगाट नव्हता. दोघं मातीत, एक कोपऱ्यात नुसता बसून इतरांना बघत होता. मावशीने त्याला ओढून आणलं नाही. मला ते आवडलं.

नोकरदार आयांसाठी एक: २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं. अंबड-सातपूरला किती जणींना हे सांगितलेलं असतं? आम्ही सहाजणींनी मिळून अर्ज दिला, तेव्हा हालचाल झाली.

शेवंताताई | गुरुवार, सकाळी ८:१५

तो कोपऱ्यात बसून बघणारा मुलगा. मोगरा, तुमच्यासाठीही सांगते. तीन वर्षांची मुलं एकाच वाळूत शेजारी शेजारी खेळतात, पण एकत्र खेळत नाहीत. पालक घाबरतात की माझं मूल एकलकोंडं आहे. मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचं वर्णन केलं त्यात बघत राहणं आणि शेजारी खेळणं या दोन्ही पायऱ्या आहेत. "तू डॉक्टर, मी पेशंट" अशी खरी भातुकली चारच्या आसपास रंगायला लागते.

आणि मोकळा खेळ म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, हे सातपूरच्या ताईंनी बरोबर पकडलं. माझ्याकडे प्रत्येक साधन ठरलेल्या जागी असायचं, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. एक मूल, एक चटई. दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही. काम झालं की जिथून घेतलं तिथे ठेवायचं. दुपारी मुलं झोपली की मी उद्याचा तांब्या घासून ठेवायचे, कारण कळकट तांब्या कुणाला उचलावासा वाटत नाही. पालकांना वही दिसते, ही तयारी दिसत नाही, म्हणून वहीला भाव येतो.

मोगरा इंदिरानगर | शनिवार, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

आज मला सुट्टी होती. ताईंना विचारून तासभर तिथे बसले. लेकीला मी दिसणार नाही अशा ठिकाणी, दाराआड. ती पाण्याकडे गेली, तांब्या उचलला, दोन पेले भरले आणि ठेवून दिला. मग डाळ-तांदूळ एकत्र केलेल्या ताटलीकडे गेली आणि वेगळं करत बसली. मी घड्याळ लावलं होतं, बावीस मिनिटं. घरी ती जेवताना पाच मिनिटं एका जागी बसत नाही. मध्येच एक छोटा मुलगा आला आणि तिच्या ताटलीत हात घातला. ती ओरडेल म्हणून मी उठणारच होते. तिने त्याचा हात उचलून बाजूला ठेवला आणि शेजारची रिकामी ताटली त्याला सरकवली.

चिंचोक्यांचं ताईंना सांगितलं. त्यांनी लगेच डबा आणून मोजले, पन्नासात तीन कमी. सोमवारपासून दुपारी मोजून ठेवणार म्हणाल्या, आणि मला धन्यवाद दिले.

शेजारच्या वहीचं माझ्या मनातून पूर्ण गेलं आहे असं नाही. डिसेंबरात पुन्हा वाटेल, तेव्हा इथेच येईन.

एक विचारायचं राहिलं. घरी सासूबाईंना पाणी द्यायचं काम तिला द्यावं म्हणते. तिच्या हातात मावेल असा तांब्या कुठे मिळेल? ऑनलाइन बघितले ते सगळे देवघरातले, फार चिमुकले.

ओझरकर | शनिवार, रात्री ९:२०

भांडी बाजारात जा, सराफ बाजाराला लागूनच. तिथे पितळेचे सगळ्या आकारांचे मिळतात.

शेवंताताई | शनिवार, रात्री ९:४५

लेकीला बरोबर न्या. दुकानात रिकामा तांब्या तिच्या हातात द्या. गळ्याशी तिची बोटं पोचली पाहिजेत आणि अर्धा भरल्यावर एका हाताने उचलता आला पाहिजे. तोंड थोडं बाहेर वळलेलं बघा, नाहीतर पाणी खाली ओघळतं आणि तिला वाटतं आपलंच चुकलं. पितळेचा घेतलात तर चिंचेने घासायचं कामही तिलाच द्या, त्यात आठवडा जाईल तिचा.